ऑगस्टातला बर्फ

विनिपेगच्या चर्चच्या तळघरात पिरोही, म्हणजे सारणाच्या उकडलेल्या करंज्या, भरायला बसलेल्या बायकांचा गलका चालला होता. त्या गलक्यातच दार्काची आई, चहात साखर किती घालायची हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मी हिची बॅग बर्फात फेकली ना, त्या वर्षीही बटाटा असाच पाणचट निघाला होता." दार्काच्या बोटांमधली पिरोही कडेला फुटली आणि चीज-बटाट्याचं सारण तिच्या अंगठ्यावर आलं. टेबलाभोवतीच्या बायकांचे हात थांबले. सगळ्यांच्या केसांना जाळ्या, मनगटांपर्यंत पीठ, आणि नजरा आधी आईकडे, मग दार्काकडे, मग घाईघाईने आपापल्या पुढ्यातल्या चकत्यांकडे. आईच्या शेजारी बसलेल्या पावलिकबाईंनी घसा खाकरला. "दोस्या, सारण कमी भर गं. उकळत्या पाण्यात पडल्या की सगळ्यांची तोंडं उघडतील." कुणीतरी हसलं, गलका पुन्हा सुरू झाला. आईने मुकाट्याने सारण कमी केलं. तिची बोटं मात्र पूर्वीसारखीच चालत होती, कड चिमटून दुमडायची, चिमटून दुमडायची, आणि ट्रेमध्ये ओळीने मांडायची. बोटं काहीच विसरली नव्हती.

दार्काने हे कधी कुणाला सांगितलं नसतं, पण ते वाक्य कानावर पडताच तिला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की हे वाक्य माझं आहे. तिची पहिली कादंबरी, जिच्यामुळे तिला टोरांटोत घर, नोकरी आणि नाव मिळालं, तिच्या अकराव्या प्रकरणात नादिया नावाची मुलगी घर सोडते तेव्हा तिची आई मार्ता तिची लाल बॅग उचलून पायऱ्यांवरून खाली बर्फात फेकते, आणि म्हणते, "या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही." बॅग फुटते, कपडे बर्फावर पसरतात, मुलगी एकेक कपडा वेचते आणि मागे न बघता चालायला लागते. ते प्रकरण शाळेच्या पुस्तकांत लागलं होतं. पोरं त्यावर निबंध लिहायची. आणि त्यातलं काहीही घडलेलं नव्हतं. दार्का अठराव्या वर्षी विनिपेग सोडून टोरांटोला शिकायला गेली ती ऑगस्टच्या शेवटी. त्या दिवशी इतकं उकडत होतं की रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. बर्फाचा मागमूस नव्हता. बॅग निळी होती आणि ती आईनेच भरली होती.

आईचा विसराळूपणा दार्काला नवा नव्हता. डॉक्टरांनी शरद ऋतूत फोनवर सांगितलं होतं की सुरुवात झाली आहे, हळूहळू वाढेल. दार्काने त्याची तयारी केली होती, म्हणजे तिच्या मते केली होती. आई आपलं नाव विसरेल, गॅस चालू ठेवेल, मेलेल्या बाबांना हाका मारेल, हे सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. लेखकाची ही एक खोड असते, वाईटाची आधीच रंगीत तालीम करून ठेवायची. पण आईच्या डोक्यात जी जागा रिकामी होईल तिथे आपलंच लिहिलेलं जाऊन बसेल, हे तिला सुचलं नव्हतं. टोरांटोहून ती आठवडाभरासाठी आली होती, ईस्टरपूर्वीचा उपासकाळ सुरू होण्याआधीचा हा दूधदुभत्याचा आठवडा आईबरोबर काढायला. आईचा तसा आग्रह होता. गेली कित्येक वर्षं आईने कसलाच आग्रह धरला नव्हता, आणि या वेळी फोनवर तिला लाडाच्या नावाने हाक मारून म्हणाली होती, "क्षमेच्या रविवारी तू इथे असायला हवीस, दारुस्या. मला तुझ्याशी काम आहे." उपासाआधीच्या त्या रविवारी चर्चमध्ये सगळे एकमेकांची क्षमा मागायचे; पण दार्काला वाटलं होतं, घराच्या कागदपत्रांचं काही असेल.

ते काम काय, हे तिला पावलिकबाईंनी सांगितलं. ट्रे शीतपेटीत ठेवायला दोघी मागच्या खोलीत गेल्या, तेव्हा बाईंनी दार पायाने लोटलं आणि हात कमरेवर ठेवले. पावलिकबाई म्हणजे आईची कारखान्यातली जुनी मैत्रीण. दोघींनी एकाच ओळीत यंत्रं चालवून अर्ध्या कॅनडाचे कोट शिवले होते. "तुला ठाऊक आहे का, तुझ्या आईने सप्टेंबरपासून प्रभुभोजन घेतलेलं नाही?" दार्काने हातातला ट्रे खाली ठेवला. "सगळे पाद्रीबाबांच्या हातून भाकर-द्राक्षारस घ्यायला पुढे जातात, ही मागच्या बाकावर बसून राहते. मी विचारलं तर म्हणते, पोरीला घराबाहेर काढलं, तिची क्षमा घेतल्याशिवाय मी देवासमोर कुठल्या तोंडाने जाऊ. पाद्रीबाबांनी समजावलं. ऐकत नाही. ऐंशी ओलांडलेली बाई, रोज रात्री हिशेब करते की आपण तशाच मेलो तर काय."

"पण मावशी, तिने मला घराबाहेर काढलंच नव्हतं!"

"मला सांगतेस? मी होते ना इथे." बाईंनी हातावरचं पीठ झाडलं. "ते तुझं पुस्तक वाचून वाचून तिच्या डोक्यात बसलं. देवाच्या तसबिरीखाली ठेवलंय, भरतकामाच्या टॉवेलात गुंडाळून. रोज सकाळी प्रार्थना म्हणायची आणि मग दोन पानं वाचायची. लेकीचं आहे म्हणून. आम्ही म्हणायचो, दोस्या, त्यात तुला पार चेटकीण केलीय, ठेव बाजूला. तर आमच्यावरच उखडायची. म्हणायची, ती मी नाही, माझ्या लेकीने मला सांगितलंय, ती दुसरीच बाई आहे."

हे खरं होतं. दार्काने सांगितलं होतं. पुस्तक आलं तेव्हा आईने ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं होतं, सबंध हिवाळाभर. तिचं इंग्रजी भाजीबाजारापुरतं. संपल्यावर फोन केला.  आई म्हणाली, "छान आहे. अक्षर मोठं आहे, ते बरं झालं." मग जरा थांबून म्हणाली, "ती मार्ता अख्ख्या पुस्तकात एकदाही कुणाला जेवायला वाढत नाही गं. तिला साधं बिटाचं बोर्श्टसुद्धा येत नाही का?" दार्का हसली होती. मग आईने विचारलं, "ती मी नाही ना?" आणि दार्का म्हणाली होती, "नाही गं आई. ते सगळं मनाचं असतं." "मग बरं," आई म्हणाली होती, आणि विषय संपला होता. इतकी सोपी सुटका. पण त्याच महिन्यात टोरांटोच्या एका सभागृहात कुणीतरी विचारलं, "हे तुमच्याच बाबतीत घडलं ना?" तेव्हा दार्का काही बोलली नव्हती. तिने मान खाली घालून नुसतं स्मित केलं होतं. त्या स्मिताने सभागृहाला जे कळायचं ते कळलं. एक मुलगी रडत भेटायला आली, म्हणाली, "तुम्ही किती धीराच्या." दार्काने तिचा हात हातात घेतला. पुढे तेच स्मित तिने कितीतरी ठिकाणी वापरलं. आईला एक उत्तर आणि जगाला दुसरं, आणि दोन्ही उत्तरं कधी एका खोलीत येणार नाहीत अशी तिची खात्री होती. मध्ये दीड दिवसाचा रस्ता होता, आणि आई इंग्रजी मासिकं वाचत नव्हती.

त्या बॅगेची गोष्ट तशी तिची एकटीचीही नव्हती. पहिल्या मसुद्यात नादिया घर सोडते तेव्हा आई तिला बसपर्यंत सोडायला जाते असंच होतं. संपादिकेने त्या पानांवर पेन्सिल ठेवून म्हटलं होतं, "फार सहज जाते ही. दार उघडंच असेल तर बाहेर पडण्यात कसलं आलंय स्वातंत्र्य?" दार्काला ते एकदम पटलं. पटलं, कारण ते तिला आधीपासून खुपत होतं. ती वाचून वाढली त्या सगळ्या पुस्तकांत मोठं होणं म्हणजे काहीतरी मोडून निघणं असे. बाप दारू पिऊन यायचा, आई लग्न लावून द्यायची, पोरगं खिडकीतून उडी मारायचं आणि पहाटेच्या गाडीला लोंबकळत शहरात जाऊन माणूस व्हायचं. निदान आईबाप मेलेले तरी असत. कुठल्याही गोष्टीत आईने मुलीच्या पायमोज्यांच्या जोड्या लावून दिलेल्या नव्हत्या. आता ती कॉलेजात लेखन शिकवते, आणि दर वर्षी पहिल्या तासाला सांगते, "पहिल्या प्रकरणात आईबापांचं काय करायचं ते ठरवा. मारा, लांब पाठवा, नाहीतर दुष्ट करा. चांगले आईबाप घरात बसून राहिले तर गोष्ट पुढे सरकत नाही." पोरं हसतात, वहीत उतरवून घेतात. तीही हसते. हे वाक्य आपण किती थंडपणे बोलत होतो हे तिला त्या शीतपेटीच्या खोलीत, हातावर सारण वाळत असताना, पहिल्यांदा ऐकू आलं. तिला स्वतःची किळस आली.

शुक्रवारी दुपारी तिने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. आई स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसली होती. बाहेर अंगणात बर्फ कुंपणाच्या वरपर्यंत साचला होता आणि इंजिन गोठू नये म्हणून शेजारच्यांच्या मोटारीला लावलेली विजेची वायर त्यात अर्धी पुरली गेली होती. दार्का तळघरात उतरली. तिथे लोणच्यांच्या बरण्यांमागे ती निळी बॅग होती, नाताळातले दिवे ठेवायला घेतलेली. ती तिने वर आणून टेबलावर ठेवली. "आई, ही बघ. ही माझी बॅग. निळी. तू भरलेली. तुला आठवतं?"

आईने बॅगेवरून हात फिरवला. "हो, न आठवायला काय झालं. कोपऱ्याला मी पट्टी शिवली होती."

"मग! ही तू फेकलीस का?"

"ही नाही गं," आई म्हणाली, लहान मुलाला समजवावं तशी. "लाल फेकली. ती फुटली, म्हणून मग तुला ही घेतली."

"लाल बॅग नव्हतीच, आई. आणि मी गेले ती ऑगस्टात. बर्फ कुठून असणार? डास चावत होते. तू माझ्या पायांना व्हिनेगर लावलंस."

आई विचारात पडली. तिच्या कपाळावर ती जुनी आठी आली, सुईत दोरा ओवताना यायची तीच. दार्काला वाटलं, येतंय, वर येतंय. "व्हिनेगर लावलं," आई हळूच म्हणाली. "हो. लावलं. पण ते तू परत आलीस तेव्हा ना?" आणि मग ती बॅगेकडे न बघता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला बर्फ दिसतो, दारुस्या. लाल बॅग, पांढरा बर्फ, आणि तुझा झगा पायरीवर पडलेला. इतकं स्वच्छ दिसतं. बाकी सगळं धूसर झालंय, तुझ्या बाबांचा चेहरासुद्धा कधीकधी सापडत नाही. हेच तेवढं स्वच्छ आहे." ते स्वच्छच असणार होतं. त्या एका परिच्छेदावर दार्काने तीन आठवडे घालवले होते. झग्याचा रंग दोनदा बदलला होता. ज्या ठिकाणी तिला स्वतःच्या कारागिरीचा सर्वांत जास्त अभिमान होता, नेमक्या तिथेच आईचा पाय अडकला होता.

मग तिने उघडच सांगितलं. "आई, मी ते खोटं लिहिलं. तू मला कधीच बाहेर काढलं नाहीस. मी पुस्तक चांगलं व्हावं म्हणून तुझ्यावर ते ढकललं."  हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, "तू फार चांगली आहेस गं. मला बरं वाटावं म्हणून स्वतःला खोटारडी म्हणवून घेतेस. पण छापलेलं आहे, बाळा. शाळेत शिकवतात. खोटं असतं तर शाळेत शिकवलं असतं का?" तिने दार्काचा हात थोपटला. "म्हणूनच तर तू येत नव्हतीस. मला कळतं. ईस्टरला नाही, नाताळाला नाही. मी म्हणायचे, काम असेल. पण कुणाची पोर एवढी वर्षं कामात असते? ज्या उंबऱ्यातून हाकललं तिथे तू कशी येशील."

 दार्का येत नव्हती हे खरं होतं. ती येत नव्हती कारण या स्वयंपाकघरात बसून आईच्या हातचं खाताना तिला मार्ता आठवायची. तसबिरीखालचा तो टॉवेल दिसला की ती ताट बाजूला सारायची. बॅग फेकलीच नव्हती म्हणून ती येऊ शकत नव्हती. हे आईला कसं सांगणार? आईने उठून बोर्श्ट गरम करायला ठेवलं. या आठवड्यात मांस चालत नाही म्हणून वाळवलेल्या अळंब्या घातलेलं, आणि वाढताना वरून आंबट सायीचा मोठा चमचा घातला. "खा," आई म्हणाली. "वाळलीस."

जेवून आई पडली तेव्हा दार्का बॅगेसमोर बसून राहिली. बॅगेच्या अस्तराला आईच्या हातची टीप होती, आत आडनाव धाग्याने काढलेलं. त्या ऑगस्टात आईने बरण्या पंच्यांत गुंडाळल्या होत्या, खसखशीचा रोल कागदात बांधला होता, पायमोज्यांच्या जोड्या लावल्या होत्या. दार्का दारात उभी राहून बघत होती आणि मनातून चरफडत होती. तिला वाटत होतं, आता ही म्हणेल नको जाऊस. रडेल. निदान भांडेल, म्हणजे मला भांडता येईल. मनात सगळी उत्तरं तयार होती, आठ दिवस घोकलेली. आई भांडली नाही. बाबा रेल्वेच्या कारखान्यात पाळीवर होते, म्हणून आईच तिला स्टँडवर सोडायला आली. वाटेत बॅग तिच्या हातातून घेतली, या हातातून त्या हातात करत नेली. गाडी लागली तेव्हा म्हणाली, "खिडकीशी जागा धर. डोकं बाहेर काढू नको." दार्का खिडकीशी बसली आणि आईचे डोळे शोधू लागली. आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मग तिने हात हलवला आणि गाडी सुटायच्या आतच निघून गेली, कारखान्याची दुपारची पाळी होती. बस हलली तेव्हा फलाटावर कुणी नव्हतं. दार्काच्या अठरा वर्षांच्या मनाने तेव्हाच निकाल दिला होता, की हिला काही वाटत नाही, आपल्याला हिने सामानासारखं बांधून पाठवलं. कादंबरीतली बॅग त्या दिवसापासून हवेत होती. लिहिताना ती फक्त खाली पडली.

शनिवारी आईला केस धुवायला पावलिकबाईंकडे सोडलं, तेव्हा दार्काने बाईंना हे सांगितलं. आई आत मोरीपाशी होती, पाण्याचा आवाज येत होता. बाई ऐकत होत्या आणि टॉवेल घड्या घालत होत्या. "घड्याळाकडे बघत होती म्हणतेस," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी ती माझ्या शेजारच्या यंत्रावर होती.  संध्याकाळी मुकादमीण आली आणि तिने आरडाओरडा करून सगळा मजला गोळा केला. दोस्याने अख्ख्या गठ्ठ्याच्या बाह्या उलट्या लावल्या होत्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. एक नाही, सगळ्या कोटांच्या. जिने कधी टाका चुकवला नाही ती. आम्ही दोघी बसून उसवत राहिलो, पाळी संपल्यावरही. मी म्हटलं, रड ना बाई एकदाची. तर म्हणाली, रडले असते तर पोर गेली नसती."

दार्का भिंतीला टेकली. आणि तिथे, त्या क्षणी, इतक्या वर्षांच्या सवयीचं तिचं मन काय म्हणालं असेल? हे प्रकरण जास्त चांगलं झालं असतं, असं म्हणालं. उलट्या बाह्यांचे कोट, दोन बायका, उसवलेला दोरा. तिने डोळे घट्ट मिटले. आपल्यात काहीतरी कायमचं किडलेलं आहे असं तिला वाटलं, आणि ते आईचं नव्हतं, बाबांचं नव्हतं, ते तिने एकटीनेच, स्वतंत्र होऊन, कमावलेलं होतं.

"उद्या ती तुझ्यासमोर वाकेल," पावलिकबाई म्हणाल्या. "तू म्हणायचं, देव क्षमा करील, मीही करते. झालं. पुढच्या रविवारी ती प्रभुभोजन घेईल आणि मी सुटेन."

"मी कशी म्हणू, मावशी? मी क्षमा केली म्हणजे तिने ते केलं असं होईल. पुस्तकात मी एकदा तिच्या माथी मारलंच आहे. आता देवासमोर पुन्हा मारू?"

"मग काय करशील? नाही म्हणशील? पुन्हा खरं सांगशील?"

"हो."

"आणि ती पुन्हा ऐकणार नाही. मग ती तशीच मागच्या बाकावर बसेल, मरेपर्यंत. तुझं खरं तुझ्यापाशी शाबूत राहील." बाईंनी शेवटच्या टॉवेलची घडी घातली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच दार्काला जास्त लागलं. "तुम्हा शिकलेल्या पोरींना स्वतःचं ओझं उतरवायची फार घाई असते बघ."

रविवारी थंडी इतकी होती की बर्फ वितळावा म्हणून चर्चच्या पायऱ्यांवर टाकलेलं मीठही काम करत नव्हतं. उपासना झाली, आणि सगळे ओळीने भिंतीकडेने उभे राहिले. दर वर्षीप्रमाणे पाद्रीबाबा आधी वाकले, मग एकेक जण आपल्या शेजाऱ्यासमोर वाकत, गालाला गाल लावत, पुढे सरकू लागला. मला क्षमा कर. देव क्षमा करील. मला क्षमा कर. देव क्षमा करील. दार्का लहान असताना ही ओळ तिला खेळासारखी वाटायची. शाळेत चिमटे काढणारी पोरंसुद्धा त्या दिवशी समोर येऊन गंभीरपणे वाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमटे काढायची. काय केलंस ते कुणी सांगत नसे, कुणी विचारत नसे, हीच त्यातली सोय होती. आज ती भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने ठरवलं होतं. आई वाकली की तिला दंडाला धरून उभं करायचं आणि म्हणायचं, आई, तू मला स्टँडवर सोडायला आलीस, बॅग तूच उचललीस, तू बाह्या उलट्या लावल्यास.

आई आली. खरं तर रीतीप्रमाणे लहानाने आधी वाकायचं, पण आईला धीर नव्हता. तिने चांगला काळा कोट घातला होता, धुतलेले केस रुमालाखाली बांधले होते. ती कमरेत वाकली, आणि तेवढ्याने तिचं समाधान झालं नसावं, कारण ती भिंतीला हात टेकून गुडघ्यांवर उतरू लागली. बुटांबरोबर आत आलेलं बर्फाचं पाणी जमिनीवर साचलं होतं, त्यातच. ओळ थांबली. "आई, नको, गुडघा दुखतो तुझा," दार्का म्हणाली. आईने ते ऐकलं नाही. "दारुस्या," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी तुझी बॅग बर्फात फेकली. तुला उंबऱ्याबाहेर काढलं. मला क्षमा कर."

आणि तिने वर बघितलं. दार्काला तो चेहरा सहन होईना. गेल्या सहा महिन्यांची भीती त्यात साठली होती. पण भीतीच्या वर तिथे आशा होती, उघडी, लाजही न वाटणारी, आणि ती सगळी दार्काच्या तोंडाकडे लागली होती. ऑगस्टातल्या त्या दिवशी खिडकीतून तिने हाच चेहरा शोधला होता. स्टँडवर, नको जाऊस म्हणणारा. तो आता मिळाला होता, चुकीच्या दिवशी, चुकीच्या गुन्ह्यासाठी, आणि तो गुन्हा दार्काने स्वतःच्या हाताने शिवून आईच्या अंगात घातला होता. आई, तू मला सोडायला आलीस, हे वाक्य तिच्या जिभेवर होतं. ओळीत मागून कुणीतरी खोकलं.  आईच्या गुडघ्याखाली पाणी पसरत होतं.

"देव क्षमा करील," दार्का म्हणाली. "मीही केली, आई."

आईने डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी निघून गेल्यासारखे ते खाली आले. सुटकेचा इतका लांब श्वास दार्काने कुणाचा ऐकला नव्हता. पावलिकबाई आणि दार्का, दोघींनी मिळून तिला उभं केलं. आई हसत होती. कोटाचा ओला घोळ झटकत ती म्हणाली, "आता पुढच्या रविवारी मी पुढे जाईन हं." कुणाला तरी परवानगी मागावी तसं.

मग दार्काची पाळी होती. ती वाकली, कमरेत नाही, तिथेच, आईने ओल्या केलेल्या जमिनीवर, कपाळ टेकवून. बोलताना तिला वाटलं की हेच शेवटचं दार आहे, यातून तरी आत जाता येईल. "मला क्षमा कर, आई. मी तुझ्यावर..." पुढे तिला शब्द सुचेना. आयुष्यभर ज्यावर पोट भरलं ते शब्दच मिळेनात. "मी तुझं फार वाईट केलं. मला क्षमा कर."

ठरलेलं उत्तर येईल म्हणून ती तशीच थांबली. ते आलं नाही. तिच्या डोक्यावर आईचा हात आला, पीठ लागलेला नसूनही पिठासारखा मऊ, आणि वरून आईचा हसरा, थोडा गोंधळलेला आवाज आला.

"अगं, तू कशाला क्षमा मागतेस? तू काय केलंस? तू तर पोर होतीस." आणि तिने दार्काच्या कोपराला धरून ओढलं. "ऊठ, कपडे भिजतील. मागे लोक खोळंबलेत." दार्का उठली तोवर आई पावलिकबाईंकडे वळली होती, त्यांच्यासमोर वाकून म्हणत होती, मला क्षमा कर, आणि बाई म्हणत होत्या, देव क्षमा करील, दोस्या, देव क्षमा करील.